आठाची दुर्बीण

चौसाळ्याच्या स्टँडवर सत्तार बागवानाचा गाडा माहीत नाही असा माणूस सापडायचा नाही. दिवाळीच्या आधी सीताफळं, मग बोरं, पेरू, आणि ऊन तापलं की टरबूज. चव बघा म्हणून फोड हातावर ठेवणार, आणि गिऱ्हाईकानं नाक मुरडलं तर "ठेवा खाली, तुमच्या नशिबात न्हाई" म्हणून मोकळा होणार, असा तिरसट गडी. पण स्टँडपासून तीन किलोमीटर आत, त्याच्या वाडीत, त्याला फळांवरून कोणी ओळखत नव्हतं. तिथं तो चांद बघणारा सत्तार होता.

रमजानचा महिना एकोणतीस दिवसांचा की तीस, हे चांद ठरवतो. एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी मावळतीला चंद्राची कोर दिसली तर दुसऱ्या दिवशी ईद, नाही दिसली तर अजून एक रोजा. आणि दिसली हे सांगायला भरवशाची दोन माणसं लागतात. त्यांची गवाही झाली की मशिदीच्या भोंग्यावरून पुकारा होतो. वाडीत ही दोन माणसं चौतीस वर्षांत बदलली नाहीत. एक सत्तार आणि दुसरा खाजामिया शिंपी. दोघं पिराच्या माळावर जायचे, बालाघाटाच्या कडेकडे तोंड करून उभे राहायचे, आणि खाली घराघरांतून बाया-माणसं त्यांच्या हाताकडे बघत बसायची. सत्तारनं हात वर केला की संपलं. मग कोणी पंचांग काढत नव्हतं की फोन लावत नव्हतं.

गेल्या साली मात्र घोटाळा झाला.

त्या संध्याकाळी आभाळ भरलेलं होतं. मावळतीला डोंगराच्या कडेवर तेवढी दोन बोटं फट उघडी होती. बराच वेळ काही नाही. आणि एकाएकी सत्तारला दिसली, बारीक, पांढरी, जराशी वाकलेली रेघ. त्यानं खाजामियाचा दंड धरला, बोट दाखवलं. "त्ये बघ. कडेवर. दिसलं का न्हाई?" खाजामियानं डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला, बघितलं, पुन्हा बघितलं. "हां," म्हणाला, "दिसला." तेवढ्यात ढग सरकला आणि फट बुजली. दोघं मशिदीत गेले. मौलाना वयानं तरणे, परभणीकडचे, कामात पक्के. त्यांनी दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं. दोघांनी एकच सांगितलं. पुकारा झाला, पोरं ओरडत गल्लीत धावली, शेवया भाजल्याचा वास सुटला.

नऊ वाजता बीडहून निरोप आला की आसपास कुठंच चांद दिसला नाही, उद्या तिसावा रोजा. वाडीत एकमेकांच्या तोंडाकडे बघणं झालं. मौलाना म्हणाले, दोन इमानदार माणसांनी छातीवर हात ठेवून सांगितलंय, ते मान्य करणाऱ्यावर दोष नाही. झालं. दुसऱ्या दिवशी वाडीची ईद आणि चौसाळ्याचा रोजा. तेव्हापासून स्टँडवर कोणीही यावं आणि सत्तारला डिवचावं. "काय सत्तारभाई, यंदा ईद कोणत्या तारखेला? तुमची सांगा, मग आमची बघू." सत्तार वजनाचं माप गाड्यावर आपटायचा. "म्या ह्या डोळ्यांनी बघितला. तुमी आंधळे असाल तर माझा काय गुन्हा?"

एवढं तावातावानं बोलणारा माणूस त्या ईदच्या संध्याकाळी कुठं होता, हे मात्र कोणी विचारलं नाही. जुनी माणसं दुसऱ्या दिवशीही चांद बघतात. कोर किती जाड आहे, किती वर आहे, त्यावरून ती पहिल्या दिवसाची की दुसऱ्या, हे कळतं. सगळी वाडी अंगणात उभी राहून बघत होती तेव्हा सत्तार कणकण आलीय म्हणून चादर ओढून घरात पडला होता. आभाळ त्या दिवशीही गढूळ होतं, म्हणून कोर जाड की बारीक हे वाडीला ठरवता आलं नाही. सत्तारला ताप नव्हता. भीती होती. हे त्यालाही ठाऊक होतं आणि तो ते स्वतःलाही सांगत नव्हता.

पुढं पावसाळ्यात खाजामिया गेला. मशीनवर बसल्या बसल्या छातीत कळ आली, चौसाळ्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत खेळ आटोपला. सत्तारनं मय्यतीला खांदा दिला, कबरीवर माती लोटली, आणि घरी येऊन दोन दिवस गाडा लावला नाही. मित्र गेल्याचं दुःख होतंच, ते कोणाला सांगायची गरज नव्हती. पण त्याच्या आत आणखी एक होतं. दोघांची गवाही होती, आता ती एकट्याच्या गळ्यात आली होती.

म्हणून शब-ए-बारात होऊन चार दिवस झाले आणि रमजान दहा-अकरा दिवसांवर आला तेव्हा त्यानं ठरवलं, दुर्बीण घ्यायची. यंदा असा चांद दाखवायचा की कोणाची बोलायची टाप राहू नये.

सोबत तानाजी निघाला. तानाजीची जमीन वाडीच्या मावळतीला, डोंगराच्या पायथ्याशी. दोघं एका वर्गात, म्हणजे चौथीपर्यंत. तानाजी सोबत असला की प्रवासात रेडिओची गरज नाही.

"जत्रेत मिळती की दीडशाला," तो एसटीत म्हणाला. "माझ्या नातवाकडं हाय. कावून बीडला जायचं?"

"तिच्यातून तुझा नातू दिसतो का धड?"

"नातू न्हाई दिसत. पन दीडशे रुपयाचं समाधान दिसतं."

बीडला जुन्या बाजारात शहेबाजचं चष्म्याचं दुकान आहे. बापाच्या वेळेपासूनचं, अरुंद, पण माल पारखून ठेवणारं. सत्तारच्या डोळ्यांवरचा चष्माही तिथलाच, आठ वर्षांपूर्वीचा. शहेबाजनं खालच्या कपाटातून दोन दुर्बिणी काढून काचेवर मांडल्या. दोन्ही घडी करून सदऱ्याच्या खिशात मावतील एवढ्याच. याच्याहून स्वस्त ती खेळणी, म्हणाला, आणि याच्याहून महाग ती गळ्यात अडकवून मान दुखवून घ्यायची. तुमच्या कामाला या दोनच.

"फरक काय?"

"ही दहाची, चाचा. दहापट जवळ आणते. ही आठाची. पुढची काच दोन्हीला सारखीच, पंचवीस मिलिमीटरची."

"मग दहाचीच दे. आठाची कोन घेतं?"

"जरा दम धरा," शहेबाज म्हणाला. "दहाची मोठं दाखवते, पण हाताचा कंपसुद्धा दहापट करते. आणि काच तेवढीच, म्हणून अंधार पडायला लागला की ती आधी काळी पडते. आठाची थोडं लहान दाखवते, पण उजेड जास्त अन् चित्र जाग्यावर राहतं. तुम्हाला बघायचं सांजच्याला."

"किंमत?"

आठाचीला सातशे रुपये जास्त होते, काचेवरचा मुलामा चांगला म्हणून. तानाजीला ते सहन झालं नाही. "म्हणजे कमी दाखवतीय तिला जास्त पैसे? लई भारी धंदा हाय तुमचा!"

शहेबाज हसला आणि त्यानं दुर्बीण लावायची रीत दाखवली. चष्मा असेल तर डोळ्यापाशी असलेली रबराची वाटी मुडपून घ्यायची. मग उजवा डोळा मिटायचा आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्यानं चित्र स्वच्छ करायचं. मग डावा मिटायचा आणि उजव्या नळीवरचं कडं फिरवून उजव्याचं जमवायचं. प्रत्येक डोळ्याचा हिशेब वेगळा असतो, तो एकदा बसवला की मग दोन्ही उघडायचे.

सत्तारनं रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानाच्या पाटीवर दुर्बीण धरली, उजवा डोळा मिटला आणि चाक फिरवलं. इकडून तिकडं फिरवलं. परत फिरवलं. पाटी काही जमेना. धूर धरल्यासारखी सगळी पांढुरकी, आणि प्रत्येक अक्षराच्या शेजारी त्याच अक्षराची फिकट सावली. "बिघडलेली हाय ही," तो म्हणाला. शहेबाजनं दुसरी दिली. तीही तशीच. मग शहेबाजनं दुर्बीण स्वतःच्या डोळ्याला लावून बघितली आणि हळूच खाली ठेवली.

"चाचा, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू हाय तुमच्या. पिकत आलाय. दाखवला न्हाई कधी?"

कितीतरी वर्षांत सत्तारनं एक डोळा मिटून जग बघितलंच नव्हतं. उजवा बघायचा आणि डावा त्याच्यासोबत फरफटत चालायचा. वाडीचा डोळा म्हणून मिरवणारा माणूस, आणि अर्धा आंधळा! "तुला दुर्बीण इकायची का ऑपरेशन?" तो शहेबाजवर खेकसला.

शहेबाजनं वाईट वाटून घेतलं नाही. दिवस कलेपर्यंत थांबा म्हणाला, आणि सूर्य बुडता बुडता दोघांना गच्चीवर घेऊन गेला. लांब पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर काहीतरी बसलेलं होतं. सत्तारनं आधी दहाची लावली. टाकी एकदम अंगावर आली, पण थरथरत. "कबुतरं. दोन," तो म्हणाला. मग आठाची लावली. टाकी लहान झाली आणि थांबली. कठड्यावर एकच कबूतर होतं, आणि शेजारी वाऱ्यानं हलणारी फाटकी पिशवी.

"हलत्या चित्रात माणसाला जे बघायचं असतं तेच दिसतं, चाचा," शहेबाज सहज म्हणाला. त्या पोराला गेल्या ईदचं काही माहीत नव्हतं. सत्तार मात्र कठड्याला टेकून बराच वेळ दोन्ही दुर्बिणी पुन्हा पुन्हा लावत राहिला. दहाची घेतली असती तर वाडीत रुबाब होता, लोकांनी हातात घेऊन बघितली असती, वा वा केलं असतं. शेवटी त्यानं ती मिटून परत दिली आणि आठाचीचे पैसे मोजले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पिराच्या माळावर गेला. चांद दिसायचे दिवस नव्हते, नुसता हात बसवायचा होता. तानाजी म्हशी घराकडं लावून आला होता, तोही चढून वर आला. सूर्य नुकताच कडेमागं गेलेला. सत्तारनं डावा डोळा मिटला, उजव्या नळीचं कडं जमवलं आणि कडेवरून दुर्बीण हळूहळू फिरवली. खुरटी झाडं, मेंढरांची वाट, शेताच्या बांधाची एक पडकी दगडी ताल. आणि कडेच्या वर, जिथं खाली काहीच नव्हतं तिथं, एक पांढरी रेघ. टोकाला जराशी वाकलेली. पलीकडे बुडालेल्या सूर्याचा उजेड अजून तिच्यावर होता.

त्यानं दुर्बीण खाली केली. नुसत्या डोळ्यांनी बघितलं. होती. चष्मा पुसून बघितलं. तरीही होती.

"तान्या," तो म्हणाला, "त्ये काय हाय रे?"

तानाजीनं दुर्बीण लावायचीही तसदी घेतली नाही. "त्ये व्हय? पवनचक्कीचं पातं. पल्याडच्या उतारावर उभी केली न्हाई का, दोन वर्सं झाली की. आपल्याकडून नुसतं वरचं टोक दिसतं, त्येबी ती बंद पडून पातं सरळ वर थांबलं तरच. फिरताना कायबी दिसत न्हाई." आणि मग त्यानं सत्तारच्या तोंडाकडं बघितलं. "काय झालं बे? बस खाली. बस."

सत्तार खाली बसला. त्याला सांगायची काही गरज राहिली नाही, तानाजीला सगळं उमगलं. तानाजी शेजारी टेकला आणि म्हणाला, "झालं ते झालं. कोनाला काय म्हाईत?"

"मला म्हाईत हाय," सत्तार म्हणाला.

त्याचा अर्थ एकट्यापुरता नव्हता, हेच तर दुखणं होतं. तो चांद नव्हता तर ती ईद नव्हती. तो तिसावा रोजा होता आणि सगळ्या वाडीनं तो खाऊन-पिऊन मोडला होता, सत्तारच्या एका बोटावर भरवसा ठेवून. सुटलेला रोजा भरून द्यावा लागतो, आणि तोही नवा रमजान लागायच्या आत दिलेला बरा. हातात आठ-नऊ दिवस होते. वाडीत सांगावं तर चौतीस वर्षांची अब्रू एका शुक्रवारात मातीत जाते. न सांगावं तर दोनशे माणसांचा रोजा मानेवर घेऊन मरायचं. जिवंत माणसं निदान भरून तरी देतील. खाजामिया कुठून देणार?

त्या विचारानं त्याला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी तो गाडा न लावता खाजामियाच्या घरी गेला. त्याची बायको मदिनाबी अंगणात ज्वारी पाखडत होती. सत्तार ओट्याच्या कडेला बसला आणि त्यानं खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. पवनचक्की, डोळा, पातं, सगळं. "भाभी, माझ्यामुळं खाजामियाचा रोजा ऱ्हायला. त्याच्या नावानं गरिबाला जेवू घालायचं ते मी घालतो. पन मला माफ करा."

मदिनाबीनं सूप बाजूला ठेवलं.

"त्यांचा ऱ्हायला न्हाई," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"त्या दिवशी ते रोज्यानं होते. पहाटं उठले, पानी पिले अन् रोज्याची नियत केली. म्या म्हनलं, अहो, आज ईद हाय, तुमीच तर चांद बघून आलात. तर म्हनले, मला काय दिसला न्हाई मदिना. सत्तारला दिसला. त्यानं एवढ्या जोरात हात धरला माझा, माझ्यानं न्हाई म्हनवलं न्हाई." ती पदराशी चाळा करत होती. "तुमी आलते त्या दिवशी आमच्याकडं. शीरखुर्म्याची वाटी त्यांनीच दिली तुमाला, अजून घे अजून घे करून. स्वतः पोटात दुखतंय म्हनून बसले. दिवस बुडाल्यावर मगरीबला गुपचूप खजुरावर सोडला रोजा. आतल्या खोलीत."

सत्तारला ती वाटी आठवली. त्यानं दोनदा मागून घेतली होती. समोर बसलेला माणूस उपाशी होता, तहानलेला होता, आणि हसून वाढत होता. मित्र म्हणून माझा शब्द राखला, आणि अल्लाहपुढं एकटाच उभा राहिला. मला एका शब्दानं बोलला असता तर! पण मी बोलू दिलं असतं का? सत्तारनं तोंडावर रुमाल धरला आणि म्हातारा माणूस रडू नये तसा तो त्या ओट्यावर रडला.

"भाईजान," मदिनाबी म्हणाली, "तुमी मशिदीत सांगा, सांगायलाच पायजे. पन त्यांचं एवढं झाकून ठेवा. न बघता गवाही दिली म्हनतील लोक. मेलेल्या मानसाला उठून जबाब देता येत न्हाई."

शुक्रवारची नमाज झाली. लोक उठायच्या आत सत्तार उभा राहिला. त्यानं खांबाला हात लावला. "गेल्या ईदला मी जो चांद सांगितला," तो म्हणाला, "तो चांद न्हवता. पल्याडच्या पवनचक्कीचं पातं होतं. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू हाय. तुमच्या सगळ्यांचा एक एक रोजा माझ्यामुळं गेला. तो भरून द्या, अन् जमलं तर मला माफ करा. इथून पुढं गवाहीला मला बोलवू नका."

कोणीतरी मागून म्हणालं, "जाऊ द्या चाचा, वर्स झालं त्याला." कोणीतरी म्हणालं, "जाऊ द्या कसं?" कुजबुज वाढली. मौलानांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"गवाही दोघांची होती," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसती चौकशी होती. "मी खाजामियांना वेगळं बसवून विचारलं होतं. ते म्हणाले, मला दिसला. मग त्यांना काय दिसलं होतं?"

सगळी मशीद सत्तारकडे बघत होती. खरं सांगायलाच तर तो उभा राहिला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि आता फक्त ते बोलायचं होतं.

"खाजामिया न्हाईच म्हनत होता," सत्तार म्हणाला. "त्याला दिसलं न्हवतं. मीच त्याला तिथं माळावर दमात घेतलं. माझ्या डोळ्यावर इस्वास न्हाई का म्हनलं, सांगितलं न्हाईस तर आजपासून दोस्ती तुटली म्हनलं. त्याचा काय दोष न्हाई. सगळा माझा हाय."

"हे खरं?"

"खरं," सत्तार म्हणाला.

मौलानांनी त्याच्याकडे क्षणभर बघितलं आणि मान हलवली. सोमवारी सगळ्यांनी मिळून रोजा भरून द्यायचा ठरलं. बाहेर पडताना दोघा-तिघांनी सत्तारकडे बघून तोंड फिरवलं. एक जण स्पष्टच बोलला, की चूक समजू शकतो, पण गरीब शिंप्याला धमकावून खोटं बोलायला लावलं, हे लई वाईट. सत्तारनं ऐकून घेतलं.

सोमवारी वाडीनं एक रोजा धरला. मंगळवारी सगळ्यांच्या चुली सकाळीच पेटल्या आणि सत्तार पुन्हा उपाशी होता, मशिदीत उभं राहून बोललेल्या त्या एका खोट्यासाठी. घरात विचारलं तर म्हणाला, पोटात दुखतंय. संध्याकाळी मगरीबची अजान व्हायला थोडा वेळ असताना मदिनाबी दारात आली. पोटात दुखतंय हे तिच्या कानावर गेलं होतं. तिनं पदराखालून खजुराची वाटी काढून त्याच्यासमोर ठेवली आणि अजान होईपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिली.